धक्क्यावर राहिलेली पादत्राणे

एंडहोव्हन, नेदरलँड्स
मंगळवार, २४ जून

श्रीयुत प्रकाशराव,

तुम्हांला आणि सौ. मंजूषावहिनींना उल्हास परचुरे याचा दूरदेशीहून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा आणि वहिनींची साखर ही दोन्ही ताब्यात असतील, गच्चीवरची टाकी पावसापूर्वी धुऊन झाली असेल आणि माझे वर्तमानपत्र तीन महिने बंद ठेवण्याविषयी मी लिहिलेली चिठ्ठी (दोन प्रतींत) पेपरवाल्याला मिळाली असेल, असे धरून चालतो. माझी प्रकृती उत्तम आहे. येथे घराजवळच्या एका नेमून दिलेल्या डॉक्टरकडेच जावे लागते. त्याला हाउसआर्ट्स म्हणतात. त्याने मला तपासले, काहीही झालेले नाही असे सांगितले आणि पॅरासिटामॉल घ्यायला सांगितले. काही झाले असते तरी त्याने तेच सांगितले असते, असे सूनबाईचे म्हणणे आहे.

अठरा जानेवारीपासून आपण एकमेकांशी बोलत नाही, तेव्हा हे पत्र पाहून तुम्हांला नवल वाटेल. न बोलण्याचा निर्णय माझा होता. त्याचे कारण तुम्हांला ठाऊक आहे. तरीही पत्र स्वतःच्या पायावर उभे असावे, म्हणून थोडक्यात नोंदवतो. आदल्या दिवशी, सतरा तारखेला, मी गॅसवर दूध ठेवून सोसायटीच्या सूचनाफलकावरची तुमची पाणीकपातीची सूचना दुरुस्त करायला खाली गेलो. (सूचना सात ओळींची होती, तिला चाळीस मिनिटे लागली, ह्यात माझा दोष नाही.) वर धूर झाला. तुमच्याजवळच्या चावीने दार उघडून तुम्ही गॅस बंद केलात, त्याबद्दल मी त्याच वेळी आभार मानले होते. त्यानंतर रुचिरला मी फोनवर सांगितले, की पातेले जुने झाल्यामुळे मोडीत दिले. वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. माहिती तेवढी खोटी होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला स्वतंत्रपणे फोन करून खरी माहिती दिलीत. तेव्हापासून मी तुमच्याकडची चावी परत घेतली, बोलणे थांबवले आणि येथे येताना चावी वहिनींच्या हाती दिली, तुमच्या नव्हे. हा भेद तुमच्या लक्षात आला असेलच.

तुमच्या त्या एका फोनचा परिणाम असा झाला, की तळेगावच्या अलीकडे ज्येष्ठांसाठी असलेल्या एका निवासाचा अर्ज रुचिरने मागवला. माहितीपुस्तिका मी वाचली. मुद्रणाच्या चुका एकोणीस. सकाळी सातला चहा, आठला प्रार्थना, नऊला सामूहिक हास्य. प्रकाशराव, मी चौतीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली. ठरलेल्या वेळी हसण्याची मला सवय नाही. शोभा गेल्यापासून सहा वर्षे मी त्या घरात एकटा राहतो आहे आणि तेथेच राहावे, एवढीच माझी इच्छा आहे. रुचिरचे म्हणणे असे, की बाबा विसरतात, आणि सात हजार किलोमीटरवरून त्याला झोप येत नाही. अर्ज पाठवण्याची शेवटची तारीख तेवीस जून, सोमवार, अशी होती. त्याआधीच्या शुक्रवारी तो मला एवढेच म्हणाला, की रविवारी आपण बोटीवर जातो आहोत, तेथे निवांत बोलू आणि काय ते ठरवू.

म्हणजे रविवार हा माझ्या परीक्षेचा दिवस होता, हे उघड आहे. तसे गेले दोन महिने माझी चाचणी रोजच चालू होती. मी नळ बंद केला, की रुचिर पाच मिनिटांनी सहज म्हणून स्वयंपाकघरात येऊन नळाकडे पाहत असे. (तो येथील कारखान्यात संगणकाच्या चकत्या छापणाऱ्या प्रचंड यंत्रांची तपासणी करतो. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक शोधणे हा त्याचा व्यवसाय आहे. हा गुण त्याला कोणाकडून आला, हे मी त्याला सांगितलेले नाही.) म्हणून मी ठरवले, की रविवारी एकही गोष्ट विसरायची नाही. शनिवारी संध्याकाळी मी तेवीस वस्तूंची यादी केली: थालीपिठे, दही, लोणचे, सतरंजी, टोप्या, पाणी, माझी गोळी, नीरजाची चित्रांची वही इत्यादी. सकाळी प्रत्येक वस्तू गाडीत ठेवल्यावर तिच्यापुढे खूण केली. तेवीसपैकी तेवीस. पादत्राणे यादीत नव्हती. पायात असलेल्या वस्तूंची यादी कोणी करत नाही.

आता त्या नावेविषयी. नाव इंग्रजी पद्धतीची आहे. इंग्लंडातले कालवे म्हणे इतके अरुंद असतात, की तेथील नावा रुंदीला सात फूट आणि लांबीला वाटेल तेवढ्या करतात. आमची बारा मीटर लांब होती. आपल्या इमारतीचा तळमजल्यावरचा बोळ उचलून पाण्यात ठेवला, तर जसा दिसेल तशी. उत्रेख्तच्या उत्तरेकडच्या एका लहानशा गावात मारयान नावाच्या बाई राहतात. त्यांनी आणि त्यांच्या दिवंगत यजमानांनी ही नाव तिकडून येथे आणली, आणि आता त्या ती दिवसापुरती भाड्याने देतात. पंधरा मीटरहून कमी लांबीच्या आणि सावकाश चालणाऱ्या नावेला येथे परवाना लागत नाही. ज्या देशात मला बसमध्ये उभे राहू देत नाहीत, त्या देशात मला बारा मीटरची नाव चालवू देतात, हे मी रुचिरच्या निदर्शनास आणून दिले. बाहेरून नावेवर गुलाबाची फुले आणि किल्ले रंगवलेले. आत एक शेगडी, किटली, पाणी तापवायचे भांडे, दोन मंचक आणि खिडक्यांना विणलेले पडदे. थोडक्यात, ते घर होते.

आणि घोटाळा येथेच झाला. शेगडी असलेल्या खोलीत मी पायताण घेऊन जात नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. मी धक्क्यावर चपला काढल्या आणि इतरांनाही काढायला सांगितल्या. रुचिर आणि सूनबाई संपदा यांनी बूट काढले आणि डबे घेऊन आत गेली. रुचिरचा अभियांत्रिकी महाविद्यालयातला मित्र सौमित्र आल्मेरेहून खास आला होता, त्याने काढले. (तो तिकडे मोठ्या घरात एकटा राहतो, रोज आगगाडीने अ‍ॅमस्टरडॅमला कामाला जातो, आणि नाव चालवण्याविषयीच्या चित्रफिती पाहून त्याने कप्तानाची टोपी विकत घेतली आहे.) शेवटी माझी नऊ वर्षांची नात नीरजा सँडल हातात घेऊन उभी राहिली आणि मला इंग्रजीत विचारू लागली, की ह्या आत आणायच्या ना? मी म्हणालो, ठेव तिथेच ओळीत, मी सगळ्या पिशवीत घालून आणतो. हे वाक्य मी स्वच्छ मराठीत आणि पूर्ण शुद्धीत उच्चारले. ते फक्त तिने ऐकले.

तेवढ्यात मारयानबाईंनी माझ्या हाती नावेविषयीच्या सूचनांचा कागद दिला. इंग्रजीत होता. पहिल्या तीन ओळींत चार चुका. प्रकाशराव, तुम्ही मला ओळखता. मी खिशातले पेन काढले, किटलीशेजारी बसलो, आणि शेवटच्या ओळीतला शेवटचा पूर्णविराम जागेवर बसवून मान वर केली, तेव्हा दोन्ही काठांवरची झाडे मागे सरकत होती.

पुढचे दोन तास फार सुखाचे गेले, हे मला लिहिलेच पाहिजे. ही नाव ताशी सहा किलोमीटरने जाते, तेही मनात असले तर. काठावरून बाळाची गाडी ढकलत जाणाऱ्या एका बाईने आम्हांला मागे टाकले. परत येताना ती पुन्हा भेटली आणि तिने ओळख दाखवली. चाकांचा आधार घेऊन चालणारे एक वृद्ध गृहस्थ पाऊण तास आमच्या बरोबरीने होते. आम्ही त्यांना चार वेळा नमस्कार केला. पाचव्या वेळी एकमेकांना काय म्हणावे हे दोघांनाही सुचेना, तेव्हा ते एका बाकावर बसले. सुकाणू आधी सौमित्रकडे होते. दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते आणि उजवीकडे ढकलला की डावीकडे, एवढेच त्यात कळायचे असते. पण ती लगेच वळत नाही. आपण सांगितलेले तिने ऐकले की नाही, ह्याचा आपल्याला विसर पडल्यावर ती वळते. त्यामुळे सौमित्र दोनदा लव्हाळ्यात शिरला, आणि दोन्ही वेळा म्हणाला, “काका, एकदम इझी आहे, फक्त बोटीला कळत नाहीये.”

मग रुचिरने दांडा माझ्या हातात दिला. का दिला, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. मी एकाही लव्हाळ्याला स्पर्श न करता तीन किलोमीटर नाव नेली. ओळीवरून नजर न हलवता पुढच्या ओळीकडे लक्ष ठेवण्याची मला सवय आहे, आणि येथे नेमके तेच लागते. दोन्हीकडे सपाट कुरणे, गाई, पाण्यापेक्षा खाली असलेली घरे. संपदाने चहा आणून दिला. दोन महिन्यांत प्रथमच सलग एक तास मला कोणी ‘बाबा, जपून’ म्हणाले नाही. सोमवारचा विषयही निघाला नाही. मला वाटू लागले, की तळेगावला आता जाणे होत नाही.

साडेबाराला जेवणासाठी नाव काठाला लावायचे ठरले. दोर घेऊन रुचिरने काठावर उडी मारली, आणि तो ज्या आवाजात ओरडला, तो आवाज मी त्याच्या मुंजीनंतर ऐकला नव्हता. काठावर दिसायला पुदिन्यासारखे एक झुडूप माजलेले होते. त्याला पाय लागला, की अंगात शंभर सुया घुसतात. तो अनवाणी होता. आम्ही सगळेच अनवाणी होतो. तळवे हवेत धरून गवतावर बसलेल्या स्थितीत त्याने विचारले, “चपला कुठायत?”

 मला आठवले. सगळे एकदम आठवले: ओळ, पिशवी, माझे वाक्य. रुचिरची नजर संपदावरून सौमित्रवर, सौमित्रवरून माझ्यावर आली आणि तेथे थांबली. तो फक्त “बाबा?” एवढेच म्हणाला. आणि मी तोंड उघडण्यापूर्वी माझ्यामागून नीरजा म्हणाली, “इट वॉज मी. मी आणणार होते. आय फरगॉट.”

(नीरजाला मराठी सगळे समजते, उत्तर ती इंग्रजीत किंवा डच भाषेत देते. मी मराठीत विचारतो, ती तिच्या भाषेत सांगते. दोन वेगळ्या खात्यांच्या कारकुनांसारखा आमचा कारभार सुरळीत चालतो. ‘मी आणणार होते’ हे तिने गेल्या दोन महिन्यांत माझ्यासमोर बोललेले पहिले संपूर्ण मराठी वाक्य, आणि ते धादांत खोटे होते.)

तिच्या आईने तिला तेथेच आठवडाभर टॅबलेट मिळणार नाही असे सुनावले. ती शांतपणे “ओके” म्हणाली. मी गप्प बसलो. ह्या वाक्यावर मी कोणताही अलंकार चढवत नाही. जेवताना ती माझ्याशेजारी येऊन बसली, माझ्या ताटात लोणच्याची मोठी फोड ठेवली आणि कुजबुजली, “आजोबा, डोन्ट से एनीथिंग. द फॉर्म इज टुमॉरो.” तिची खोली आईबापांच्या खोलीला लागून आहे आणि येथील भिंती लाकडी आहेत, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवे होते. संपदाच्या थालीपिठांबद्दल इतर कोणत्याही दिवशी मी तुम्हांला अर्धे पान लिहिले असते. त्या दिवशी माझे थालीपीठ ताटात तसेच राहिले.

तेथूनच परत फिरावे, तर बारा मीटरची नाव अकरा मीटरच्या कालव्यात वळवता येत नाही. (हे सौमित्रने प्रत्यक्ष करून पाहिल्यावर सिद्ध झाले.) वळण्यापुरती रुंद जागा पुढच्या गावातला उचलता पूल ओलांडल्यावर होती. तेव्हा आम्ही अनवाणीच पुढे निघालो. रुचिर तळव्यांना लिंबू चोळत आत मंचकावर बसला, सौमित्र सुकाणूवर आणि मी नावेच्या पुढच्या टोकाला दोर धरून उभा. नीरजा माझ्याजवळ. मी तिला मराठीत म्हणालो, की तू हे असे करायला नको होतेस. ती इंग्रजीत म्हणाली, की आता झालेले आहे.

पूल आला. भोंगा वाजवला, पुलाची फळी वर उचलली गेली आणि आम्ही त्या फटीत शिरू लागलो. पुलावरच्या लहानशा खोपटातून एक लालबुंद चेहऱ्याचा पुलवाला बाहेर वाकला. त्याच्या हातात माशांच्या गळासारखी लांब काठी होती. काठीला दोरी आणि दोरीला एक लाकडी पायताण. त्याने ते पायताण हवेतून झुलवत नेमके माझ्यासमोर आणून धरले.

आता तुम्ही माझ्या जागी उभे राहून विचार करा. सकाळपासून पाच माणसे अनवाणी. त्यांतला एक जखमी. पूल उंचावर असल्यामुळे पुलवाल्याला आमचे उघडे पाय वरून दिसले असणार. ह्या देशातली जुनी माणसे लाकडी पायताणे घालतात, हे मी दुकानांतून पाहिले होते. एका परक्या माणसाने आमची अडचण ओळखून आपले स्वतःचे पायताण वरून सोडावे, ह्या सौजन्याने, आणि त्या दिवशी माझ्या मनाची जी अवस्था होती तिच्यामुळे, माझे डोळे भरून आले. मी दोन्ही हातांनी पायताण घेतले, दोरीची गाठ सोडली, त्याला वाकून नमस्कार केला आणि ते उजव्या पायात घातले. आत दोन खडे टोचले. मी पायताण उलटे करून ते पाण्यात झटकले, पुन्हा घातले (मापाला किंचित सैल, पण चालण्याजोगे) आणि डावा पाय पुढे करून दुसऱ्याची वाट पाहत उभा राहिलो.

पुलवाला माझ्याकडे पाहत राहिला. मागून सौमित्र ओरडला, “काका, टोल आहे तो, टोल. पैसे टाकायचे त्यात.” जुन्या काळापासून काही पुलांवर अशाच पायताणातून पैसे घेण्याची चाल आहे, पाण्यात गेले ते खडे नव्हते, आधीच्या नावेची नाणी होती. हे सांगताना सौमित्रला इतके हसू आले, की त्याचा दांडा सुटला, आणि नाव पुलाच्या दोन खांबांमध्ये तिरकी जाऊन घट्ट बसली. पूल आता ना वर ठेवता येईना, ना खाली आणता येईना. दोन्ही बाजूंना सायकलींची रांग लागली. रविवारची दुपार, प्रत्येक सायकलीवर एकेक कुटुंब, आणि सगळ्यांच्या समोर एका पायात त्यांच्या नगरपालिकेचे पायताण घालून मी.

पुलवाला पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला आला. रागावलेला नव्हता. त्याने नीरजाला डच भाषेत काही विचारले. तिने आमच्या पायांकडे बोट दाखवले, मग मागे कालव्याकडे, आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून काही सांगू लागली. भाषा मला येत नाही. पण छातीवरचा हात कोणत्याही भाषेत वाचता येतो. माझ्यापायी हे मूल दुसऱ्यांदा खोटी साक्ष देत होते, तीही आता एका सरकारी माणसासमोर. चौतीस वर्षांत दुसऱ्याने केलेली चूकसुद्धा मी माझ्या डोळ्यांखालून छापायला जाऊ दिली नाही; ही तर माझी स्वतःची होती.

मी पुलवाल्याला इंग्रजीत म्हणालो, की महाशय, ही मुलगी चुकीचे सांगते आहे, विसरलो तो मी. मग वळून आतल्या दाराशी उभ्या असलेल्या रुचिरला मराठीत म्हणालो, “चपला मी आणणार होतो. तिने विचारलं होतं, मीच ‘ठेव’ म्हणालो. आणि विसरलो.”

पुलवाल्याने हे सगळे मोठ्या आवाजात डच भाषेत करून वरच्या सायकलवाल्यांना सांगितले. का, ते मला माहीत नाही, बहुधा एवढा वेळ थांबलेल्या लोकांना काहीतरी देणे त्याला आवश्यक वाटले असावे. त्यांच्यात थोडी चर्चा झाली. रांगेतल्या एका माझ्याच वयाच्या गृहस्थांनी हात वर करून दोन वाक्ये सांगितली. नीरजाने ती मला समजावून दिली, की आजोबा, ते म्हणतात, ते एकदा त्यांच्या बायकोला विसरले होते. बेल्जियममध्ये. पेट्रोल पंपावर. शेजारी सायकल धरून उभ्या असलेल्या बाईंनी मान डोलावली. त्या त्याच असाव्यात.

सगळ्यांनी मिळून बांबूने ढकलून आमची नाव सोडवली. मी पायताण परत केले, नाणी भरून दिली आणि पुलवाल्याला दोन बेसनाचे लाडू दिले. ते त्याने त्याच पायताणातून वर नेले. पूल मिटला. रुंद जागी नाव वळवून आम्ही थांबलो. संपदाने मारयानबाईंना फोन केला. ज्या अंतराला आम्हांला तीन तास लागले, ते त्या बाईंनी सायकलीवरून पस्तीस मिनिटांत कापले. पुढच्या टोपलीत आमच्या पादत्राणांचे पाच जोड, धक्क्यावर होती त्याच क्रमाने. आम्ही निघाल्यावर लगेचच त्यांनी ती पाहिली होती. परंतु सुखरूप परत यावे म्हणून प्रवासाला निघताना जोडे मागे ठेवण्याची आपल्याकडे रीत असेल, असे समजून त्यांनी त्यांना हात लावला नव्हता. उलट, त्यांवर बदके बसू नयेत म्हणून त्या अधूनमधून येऊन पाहून जात होत्या. त्यांना मी त्यांचा सूचनांचा कागद दुरुस्त करून परत दिला. त्यांनी तो फार काळजीपूर्वक घडी घालून ठेवला. यजमानांच्या हातचा होता, असे त्या म्हणाल्या. ह्यापुढे मी कागद कोणाचा, हे आधी विचारणार आहे.

परतीच्या वाटेवर रुचिर सुकाणूपाशी माझ्याजवळ येऊन बसला. पाय अजून लाल होते.  मग म्हणाला, “बाबा, विसरण्याचं मला काही नाही हो. परवा मी गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवली. पण दूध जळलं, तर तुम्ही पातेलं मोडीत दिलं म्हणता. मी इथून काय काय धरून चालायचं?” मी म्हणालो, की खरे आहे. तो म्हणाला, “आज तुम्ही बोलला नसतात ना, तर मी रात्री फॉर्म पाठवणार होतो.” मी विचारले, की म्हणजे तुला माहीत होते? त्याने नीरजाकडे पाहिले आणि म्हणाला, की ती स्वतःची वही शाळेत कधी विसरत नाही, आणि आपल्या घरात पादत्राणे आत कोण आणते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ह्यावर मला काही दुरुस्ती सुचवता आली नाही.

अर्ज सोमवारी गेला नाही. नीरजाला टॅबलेट त्याच संध्याकाळी परत मिळाला. रुचिरने मात्र एक अट घातली आहे. तिचा तपशील खाली स्वतंत्रपणे देतो, कारण ती तुमच्याशी संबंधित आहे. नाव मी धक्क्याला अशी लावली, की आतल्या किटलीतले पाणी हलले नाही.

ह्या पत्रात कोठे चूक आढळल्यास लाल शाईने खूण करावी. इतकी वर्षे हा हक्क मी एकट्याकडे ठेवला, आता तो तुमचाही आहे. वहिनींना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम.

तुमचा शेजारी,
उल्हास परचुरे

ता. क. १. रुचिरची अट अशी: दिवाळीपर्यंत मी माझ्या घरी एकट्याने राहावे. मात्र दर रविवारी पुण्यातून कोणीतरी त्याला फोन करून माझा आठवड्याचा खरा वृत्तांत सांगावा, आणि तो कोणीतरी मी नसावा. असा माणूस कोण, असे त्याने विचारले. मला फार आठवावे लागले नाही. मी तुमचे नाव दिले. तुम्हांला न विचारता दिले, ही चूक. म्हणून आता विचारतो. प्रकाशराव, हे काम कराल का? नाही म्हणालात, तरी दहा जुलैला उतरल्यावर सामान दारात ठेवून आधी तुमच्याकडेच येणार आहे. पाच महिने फार झाले.

ता. क. २. वृत्तांत खरा असायचा तर तुम्हांला मी रोज दिसलो पाहिजे. तेव्हा सकाळी सातला चहाला माझ्याकडे यावे. दूध मी तुमच्यासमोर तापवीन. फलकावरच्या तुमच्या सूचनांना ह्यापुढे हात लावणार नाही. लावण्यापूर्वी तुमच्या नजरेस आणून देईन.

ता. क. ३. हे पत्र टपालाने पोहोचायला पंधरा दिवस लागतील, आणि पुढची गोष्ट तेवढी थांबण्यासारखी नाही. म्हणून ह्या पानांची छायाचित्रे नीरजा आत्ताच वहिनींच्या फोनवर पाठवते आहे. चौदा एप्रिलच्या पहाटे निघताना आतल्या खोलीतला पंखा मी बंद केला की नाही, हे मला रविवारपासून आठवत नाही. माझ्या प्रवासाच्या टिपणात ‘पंखा’ असे लिहिलेले आहे, पुढे खूणही आहे. परंतु ती खूण मी विमानात केली होती. चावी वहिनींकडे आहेच. कृपया आज पाहावे. चालू असल्यास बंद करून मला कळवावे; रुचिरला मी स्वतः सांगेन. येत्या रविवारपर्यंत मी सांगितले नाही, तर तुम्ही सांगा.